लाल बटण

हसू नका, पण इंटरप्ट फ्लॅग, म्हणजे प्रोसेसरनं बाहेरची हाक ऐकायची की नाही ते ठरवणारी खूण, शिकवायची मला आता लाज वाटते. बारामतीच्या कॉलेजात दरवर्षी मी पोरांना बजावतो, "हा फ्लॅग बंद असला की बाहेरून कितीही हाका मारा, प्रोसेसर ऐकत नाही. काम झालं की आठवणीनं चालू करा."

शेळगावला आमच्या विहिरीवरच्या मोटारीला मीच सर्किट बसवलं होतं. परवा तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, लाल बटण दाबलं तरी मोटार थांबेना. पेटीतला फ्यूज काढेपर्यंत कांद्याचं सगळं रोप वाहून गेलं.

संध्याकाळी घरी गेलो आणि वर तोंड करून म्हणालो, "तात्या, तुमी बटण नीट दाबलं नसंल."

मग लॅपटॉपवर त्या सर्किटचा प्रोग्रॅम उघडला. फ्लॅग बंद करायची ओळ होती. परत चालू करायची लिहायला मीच विसरलो होतो. मान खाली घालून सगळं सांगितलं.

"म्हंजी ते यंत्र माझं ऐकतच नव्हतं?"

"न्हाय, तात्या."

"बरं. आन् तुला सात फोन केलं, त्याचं काय?"

हाच धडा शिकवताना फोन सायलेंट केला होता. तास संपल्यावर आवाज चालू करायचा राहिला.