मिशी आधी, मांडव नंतर

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक वनरक्षक आणि त्याचा मेहुणा बसले होते. वनरक्षकाचा हात पोळला होता, अर्धी मिशी जळाली होती. मी पुस्तकात डोकं घातलं, पण पान काही उलटलं नाही.

"दाजी, वणवा येऊ नये म्हणून गवताचा पट्टा जाळायला गेलात, आणि ताईचा भोपळ्याचा मांडव जाळून आलात?"

"वारा फिरला रे. पण वणवा आता गावात शिरत नाही."

"घरात शिरेल त्याचं काय?"

"तिथंही तीच युक्ती. आधी फक्त मिशीचं सांगायचं. ती भडकेल, बोलेल, दमेल. जळायला काही उरलं नाही, की हळूच मांडवाचं."

"मांडवाचं तिला कळलंय."

"अरे देवा! काय म्हणाली?"

"म्हणाली, 'ते मिशीपासून सुरुवात करतील. मिशीवर मी एक शब्द खर्च करणार नाही. सगळं मांडवासाठी राखून ठेवलंय.'"

"आता कुठंय?"

"बाहेर, पायरीवर बसलीय."

आतून नर्सनं वनरक्षकाचा नंबर पुकारला.

"काका," तो मला म्हणाला, "तुम्ही जा आधी. मला मुळीच घाई नाही."