चार हजार बारा कोलमं

एकसारखे म्हणे! अहो, कुणी ठरवलं एकसारखे? त्या फोननं? त्या टीचभर काचेच्या डबीनं? तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षं मी कुंभकोणमच्या शाळेत ड्रिल मास्तर होतो, सहाशे पोरं एकाच रंगाच्या चड्डीत उन्हात उभी असायची आणि मी पाठमोरं ओळखायचो, हा कुठल्या गल्लीतला आणि ह्यानं आज आंघोळ केलीय की नाही... आणि ह्या फोनला माझ्या बायकोची चार हजार बारा कोलमं एकसारखी दिसली! बसा जरा. घाई असली तरी बसा. मला घाई होती तेव्हा कुणी ऐकलं नाही, आता तुम्ही ऐका.

आमची राजम. राजांबाळ. पहाटे साडेपाचला दारात सडा टाकायची आणि तांदळाच्या पिठाचं कोलम, म्हणजे तुमची रांगोळी, काढायची. आधी ठिपके, मग त्या ठिपक्यांना वळसे घेत घेत एकच रेघ, आणि ती जिथून निघाली तिथंच येऊन मिटली पाहिजे, नाही मिटली तर बाई दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही. आठ वाजले की सायकली, शेळ्या, भाजीवाली, सगळे त्याच्यावरून जायचे. संपलं. दुसऱ्या दिवशी नवं. चाळीस वर्षांत एक कोलम दुसऱ्यांदा काढलं नाही तिनं. मी रिटायर झालो, हातात फोन आला, म्हटलं रोज एक फोटो काढू. कॉफीचा पेला कठड्यावर ठेवायचा आणि माडीवरनं खट्. रोज एक. अकरा वर्षं. कौतुक वगैरे काही नाही हो, सवय! हजेरी घेतल्याशिवाय आम्हा ड्रिलवाल्यांचा दिवस सुरू होत नाही.

मग आवणी महिन्यात, तुमच्या श्रावणाच्या सुमारास, तिला झटका आला. उजवा हात गेला. जीभ जराशी जड झाली, पण बोलता येत होतं. बोलायचीच नाही, त्याला काय करणार? दारात खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्याकडं बघायची. मुलगा आमचा इळंगो, सिंगापूरला असतो, तो बायकोला घेऊन धावत आला. आणि सूनबाईंनी काय करावं? स्टिकर आणलं! कोलमचं! प्लास्टिकचं! उंबऱ्यापुढं चिकटवलं आणि सासूला म्हणते, "अत्तै, आता रोज उठायला नको, पुसलं जायला नको." राजमनं त्या स्टिकरकडं एकदा बघितलं आणि खुर्ची फिरवून घेतली. म्हटलं, सून आहे, चार दिवसांची पाहुणी, कशाला तोंड उघडा.

पण संध्याकाळी मी फोन घेऊन राजमच्या शेजारी बसायचो आणि तिला एकेक कोलम दाखवायचो. तेवढाच वेळ बाई बोलायची. हे इळंगोच्या लग्नाच्या आदल्या दिवशीचं. हे तुमचा भाऊ भांडून गेला त्या सकाळचं, बघा, रेघ कशी थरथरलीय. हे माझं चुकलं होतं, तुम्हाला कळलं पण नाही. अर्धा तास चालायचं. खरं सांगू? दिवसातनं तेवढा अर्धा तास माझी बायको घरात असायची. बाकी वेळ नुसती खुर्ची.

आता आमचे चिरंजीव. माझा फोन हातात घेतला आणि म्हणाले, "अप्पा, जागा संपलीय." अरे, संपली तर संपली! घर माझं, फोन माझा, अडचण माझी, तुझं काय जातंय? पण नाही. बापासाठी नवा फोन आणला होता ना, मग जुना साफ करायला नको? फोननं विचारलं, हे सगळे एकसारखे दिसतायत, काढून टाकू? ह्यानं म्हटलं, टाक. एका बोटानं. अकरा वर्षं, एका बोटानं! आणि ठेवलं काय, विचारा. सुप्रभातचे गुलाब ठेवले, तीनशे! गॅसच्या टाकीचा फोटो ठेवला. माझ्या अंगठ्याचा ठेवला, चुकून निघालेला, फक्त अंगठा, त्याला तोड नाही म्हणून असेल! आणि राजमची कोलमं... एकसारखी म्हणे! मग जुना फोन पुसून दुकानदाराला देऊन टाकला, नव्यात नवं खातं उघडून ते गुलाब-अंगठे तेवढे भरून दिले, माझ्या पाया पडले आणि विमानात बसले.

त्या संध्याकाळी राजम म्हणाली, दाखवा. मी बोट फिरवतोय, फिरवतोय, गुलाब, गुलाब, अंगठा, गुलाब. म्हटलं, बॅटरी गेली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नेटवर्क नाही. आयुष्यभर पोरांच्या थापा पकडल्या, स्वतःला एक धड मारता येईना. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही. त्यानंतर घरात आवाज फक्त पंख्याचा.

सिंगापूरला फोन लावला. चिरंजीव एकदम थंड. अप्पा, टेन्शन घेऊ नका, फोटो वर क्लाऊडमध्ये आहेत, तिथल्या कचरापेटीत, तीस दिवस राहतात, मी शनिवारी बघतो. शनिवारी! पहिल्या शनिवारी ह्याची मीटिंग. दुसऱ्या शनिवारी सुनेच्या मैत्रिणीचं डोहाळजेवण. तिसऱ्या शनिवारी साहेब बसले एकदाचे आणि जुन्या खात्याचा पासवर्ड आठवेना. म्हणतो, मीच ठेवला होता, तुमच्या जन्मतारखेचा. अरे, पण कुठल्या? शाळेच्या दाखल्यावरची वेगळी, कारण माझ्या बापाला मला लवकर शाळेत ढकलायचं होतं. ज्योतिष्यानं पत्रिकेत लिहिलेली वेगळी. आणि राजम ज्या दिवशी पायसम करते ती तिसरीच! सगळ्या घालून बघितल्या, उलट्या-सुलट्या. शेवटी तो फोन म्हणतो, आता बास, हा माणूस मालक वाटत नाही. मी! मालक वाटत नाही! मग म्हणे एक सहा आकड्यांचा नंबर पाठवू, तो सांगा. कुठं पाठवणार? माझ्या जुन्या सिमवर. जे सिम मी तीन वर्षांपूर्वी सोडलं आणि कंपनीनं दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं.

चौथ्या शनिवारची वाट कशाला बघायची? मी तारखा मोजल्या. तिसावा दिवस उजाडला होता, संध्याकाळी सहाला कचरापेटी रिकामी होणार. म्हटलं, चुलीत गेलं ते सिंगापूर. माझा जुना नंबर मला पाठ आहे, मीच लावतो. लावला. तर घंटा वाजायच्या आधी एक बाई बोलायला लागते: ओटीपी कोणालाही सांगू नका, सावध राहा. आठ वेळा लावला, आठ वेळा ते सगळं प्रवचन ऐकलं. म्हणजे मी ज्याच्याकडं ओटीपी मागणार, त्याच्या दारातच माझ्या नावानं शंख करायला बाई बसवलेली!

नवव्यांदा उचलला. तंगवेल म्हणून कुणी, इरोडच्या हळदीच्या बाजारात पोती तोलतो. मी त्याला सगळं सांगितलं. बायको, हात, फोटो, सिंगापूर, कचरापेटी. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "अय्या, माझ्या मेव्हण्याला पण असाच एक मास्तर भेटला होता फोनवर. त्याची पण बायको आजारीच होती." आणि ठेवला!

परत लावला. परत त्या बाईचं प्रवचन. ह्या खेपेला मी आधीच बटण दाबून ठेवलं होतं, म्हणजे तो सहा आकडी नंबर त्याच्या फोनवर जाऊन बसलेला, आणि माझ्या फोनवर उलटी मोजणी चालू, दहा मिनिटं, नऊ एकोणसाठ, नऊ अठ्ठावन्न... तो म्हणतो, आलाय आकडा, पण देणार नाही. मी ओरडलो. अहो, ओरडणारच! छत्तीस वर्षं ओरडूनच पोट भरलं! तेवढ्यात त्याच्या बायकोनं फोन घेतला. पूंगोडी तिचं नाव. म्हणते, कसले फोटो आहेत म्हणालात? म्हटलं, कोलमचे, चार हजार बारा. म्हणते, "मग एक सांगा की. ठिपके किती, ओळी किती, रेघ कुठनं सुरू होते?"

आता काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगू? अकरा वर्षं रोज फोटो काढले मी! चार हजार बारा! आणि एक ठिपका मोजला नव्हता. शेवटी म्हटलं, सुंदर असतं... मोठं असतं... पांढरं असतं.

"मीठ पण पांढरंच असतं," ती म्हणाली.

अशी शरम आयुष्यात वाटली नाही हो मला. आणि राग! त्या फोनला एकसारखी दिसली म्हणून मी महिनाभर शिव्या घालत होतो, आणि मला तरी काय वेगळी दिसली होती? ...जाऊ दे. दारात गेलो आणि फोन स्पीकरवर टाकून राजमच्या पुढ्यात धरला.

पूंगोडीनं परत तेच विचारलं. सहा मिनिटं उरली होती. राजम जड जिभेनं, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "पीठ आहे का जवळ? मधली ओळ पंधरा ठिपक्यांची घाल. मग वर चौदा, खाली चौदा. असं आठपर्यंत ये."

अहो, ती तिकडं इरोडला खरंच बसली की अंगणात पीठ घेऊन! आणि ही इकडं डोळे मिटून सांगतेय, आता डावीकडं वळ, दोन ठिपके सोड, तिसऱ्याला वळसा घाल, खाली ये. माझ्या फोनवर चार मिनिटं. तीन. मी खुणा करतोय, आधी आकडा माग, आकडा! तिनं डावा हात वर केला. गप्प बसा. सहाशे पोरांना एका शिट्टीत गप्प करणारा माणूस मी, गप्प बसलो. दोन मिनिटं. एक. शून्य. ह्यांचं चालूच! मधेच पूंगोडी म्हणाली, अक्का, एक ठिपका बाहेर राहिला. राजमनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाली, चौथ्या ओळीत जा मागं, तिथं तू घाईनं वळलीस. पाऊण तास! आणि मग तिकडनं पूंगोडी हळूच म्हणाली, मिटली, अक्का. रेघ मिटली.

मग काय हो, एकदम विश्वास बसला. म्हणते, घ्या अय्या लिहून आकडा. लिहून घेतला. घातला. मुदत संपली आहे! नवा मागवला. फोन म्हणतो, आपण फार वेळा प्रयत्न केलात, चोवीस तासांनी या. चोवीस तासांनी! चार तासांत कचरा जाणार आणि ह्याला चोवीस तास पाहिजेत, जसा काही कलेक्टर सुट्टीवर गेलाय!

दुसऱ्या दिवशी पूंगोडीनं स्वतः फोन करून आकडा दिला, एका मिनिटात. उघडलं खातं. कचरापेटी उघडली. एक हसरा डबा काढलेला, त्याच्यावर चांदण्या, आणि खाली लिहिलेलं: वा! इथं सगळं स्वच्छ आहे. वा म्हणे! तोंड बघा त्याचं! इळंगोला कळवलं तर फोनवर रडवेला झाला. चूक झाली अप्पा, म्हणाला. तेवढ्यावर थांबावं ना माणसानं? पुढं म्हणतो, पण खरंच एकसारखे दिसत होते हो. मी फोन ठेवला. नाहीतर सिंगापूरला जाऊन ठोकला असता त्याला.

आता राजमला कसं सांगायचं? दोन दिवस घोळवलं, मग सांगून टाकलं. गेले सगळे. एक पण नाही राहिला. रडेल वाटलं होतं, मीच रडायच्या बेतात होतो. ती म्हणाली, "ती पूंगोडी विचारत होती, अक्का, तुमच्या दारात आता कोण काढतं?" एवढंच. आणि त्या स्टिकरकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला गदागदा हलवलं. डाव्या हातानं. बघतो तर बाई खुर्चीत, मांडीवर पिठाचा डबा, पायाशी फाडलेलं स्टिकर. म्हणाली, बसा खाली. मी! अहो, आमच्या गल्लीत आजवर कुठला बाप्या कोलम काढायला बसलाय? दोन्ही गुडघे गेलेले, वेष्टी वर खोचली, बसलो उकिडवा. म्हणाली, ठिपके घाला, पाचच घाला आधी. घातले. बघत राहिली आणि म्हणाली, "शाळेत पोरांच्या रांगा सरळ लावायचात ना? मग ह्यांनी काय घोडं मारलंय?"

तासभर घेतला मी. पाच ठिपके! रेघ मिटली नाही ती नाहीच, निघाली तुळशीकडनं आणि गेली गटाराकडं. आणि राजम हसायला लागली. झटक्यानंतर पहिल्यांदा. वाकड्या तोंडानं, डोळ्यांत पाणी येईतो हसली. म्हटलं हस बाई, पाहिजे तेवढी हस, मी रोज बसतो. आणि बसतोय, तुम्हाला सांगतो, आज तेविसावा दिवस.

पण त्या पहिल्या दिवशी समोरच्या माडीवर कोण उभं होतं ते मला कुठं माहीत! मी गटाराशी ओणवा, वेष्टी खोचलेली, पिठानं मिशा पांढऱ्या, आणि वरनं खट्. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत. संध्याकाळपर्यंत माझ्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर, त्यातला एक आता पोलीस इन्स्पेक्टर आहे, त्यानं ठाण्यात छापून लावलाय. सिंगापूरला चिरंजीवांनी तर स्वतःच्या नावापुढं माझाच फोटो लावलाय. घरोघर गेलो, हात जोडले, म्हटलं बाबांनो, एवढा एक काढून टाका. सगळे हो म्हणतात, बोटानं दाबतात, मला दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडनं मलाच परत येतो. चार हजार बारा गेले ते गेलेच... आणि हा एक, काही केल्या, कुणाच्याच फोनमधनं जात नाही.