आतून कडी

ताई : ‘…कर्मचाऱ्यांची सततची बदली आणि नातेवाइकांशी संवादाचा अभाव.’ हे झालं पहिलं पान. पुढचं वाचू?

शेठ : नको.

ताई : तुला नाही विचारलं रे. बाईंना विचारलं.

अधिकारी : वाचा ना, छान लिहिलंय. फक्त एक अडचण आहे. वर नाव तुमच्या भावाचं आहे. निवासांचे नियम ठरवणाऱ्या समितीकडे ज्याच्या नावानं निवेदन येतं, म्हणणं त्याचंच लागतं. हे सगळं यांनी सांगितलंय?

ताई : त्याला काय जमणार सांगायला? चार वाक्यं बोलला की गाडी भलत्याच गावाला जाते. आई गेल्यापासून त्याचं सगळं मीच बघते. तो राहतो त्या निवासाच्या कागदांवर पालक म्हणून सहीसुद्धा माझीच असते.

शेठ : सगळं नाही बघत.

ताई : बरं बाबा, नखं तू कापतोस.

शेठ : दाढी पण.

अधिकारी : तुम्हाला काय म्हणून हाक मारू?

शेठ : शेठ. निवासात सगळे शेठच म्हणतात.

ताई : कामं काही नाहीत, पण नजर सगळ्यांवर! कुणी नळ टपकत ठेवला की आमचे शेठ हजर.

शेठ : पाणी वाया जातं.

अधिकारी : शेठ, आम्ही इथे या वाचनालयात कशाला बसलोय, ठाऊक आहे?

शेठ : हो. मास्तरनं वाचून दाखवलं. मास्तर म्हणजे शेजारच्या खोलीतला. निवासात राहणाऱ्यांनी सांगायचं, काय बदलायला पाहिजे ते. ताई निवासात राहत नाही.

ताई : घ्या! करा आणखी भावाचं.

अधिकारी : मग तुमचं तुम्ही सांगा. तुम्ही जसं बोलाल तसं मी लिहून घेते. काय बदलायला पाहिजे?

शेठ : कडी.

ताई : झालं सुरू. बाई, हे नका लिहू.

अधिकारी : कसली कडी, शेठ?

शेठ : बाथरूमची. आतून. माझ्या खोलीतल्या दाराला नाही. आणि टॉवेलचं कपाट आत आहे. मी साबण लावलेला असतो आणि कामाच्या मावशी दार ढकलून येतात. म्हणतात, ‘शेठ, डोळे मीट, मला टॉवेल घ्यायचाय.’

अधिकारी : मग?

शेठ : मी का डोळे मिटायचे?

(अधिकारी हसतात.)

ताई : हसू नका हो. त्याला वाटेल बरोबरच आहे.

अधिकारी : बरोबरच आहे, ताई.

ताई : अहो, त्याला फिट येते! आधी कडी होती. आत पडला तेव्हा दार फोडावं लागलं. कपाळावरची ती खूण बघा. कडी मीच काढायला लावली. आजही लावीन. तिसऱ्या पानावर तेच लिहिलंय, थांबा, हे बघा. ‘कोणत्याही निवासात स्नानगृहांना आतून कडी असू नये, असा नियम करावा.’

शेठ : कोणत्याही? सगळ्यांच्या?

ताई : हो. उगाच कुणाचा जीव जायला नको.

शेठ : मास्तरच्या पण? मास्तरला फिट येत नाही.

ताई : अरे, नियम केला की सगळ्यांनाच लागतो.

शेठ : ते माझ्या नावावर लिहिलंस? मास्तर म्हणेल, शेठनं कडी काढली. मावशी मास्तरलाही डोळे मीट म्हणतील. माझं नाव खोड.

अधिकारी : ताई, तुम्ही तुमच्या नावानं निवेदन देऊ शकता. हे तुमचं, ते यांचं. समिती दोन्ही वाचेल.

ताई : म्हणजे एका घरातून दोन निवेदनं, तीही एकमेकांच्या विरुद्ध? लोक काय म्हणतील, बहीणभावाचं पटत नाही?

शेठ : पटत नाहीच. या बाबतीत.

ताई : जीभ बघा कशी चालते! मला सांग, कडी लावलीस आणि आत पडलास तर? कुणाला कळणार?

शेठ : मास्तरला. मी पाढे म्हणतो, मोठ्यानं. मास्तर बाहेर स्टूल टाकून बसतो. पाढा थांबला की तो दार वाजवतो. मी ओरडलो नाही की त्यानं मावशींना बोलवायचं. आम्ही रोज करतो.

ताई : रोज? मला नाही सांगितलंस.

शेठ : तू रविवारी येतेस. रविवारी मी आधीच आंघोळ केलेली असते.

अधिकारी : हे कुणी शिकवलं तुम्हाला?

शेठ : कुणी नाही. गाणं म्हणत होतो आधी. मास्तर म्हणाला, तुझं गाणं कधी संपलं ते कळत नाही. पाढ्यात कळतं.

अधिकारी : हे तर मी शब्दन् शब्द लिहिणार.

ताई : लिहा खुशाल. माझा नाही विश्वास. मास्तर बिचारा स्वतःचा चष्मा शोधण्यात अर्धा दिवस घालवतो.

शेठ : मग तू ऐक. इथल्या बाथरूमला कडी आहे. मघाशी बघितली.

ताई : काही नको.

अधिकारी : ताई, त्या दाराला बाहेरून चावी लागते. वाचनालयाच्या बाईंनी माझ्याकडे दिलीय. ही घ्या, तुमच्या हातात ठेवा.

ताई : …चावी लागते? आतून कडी असली तरी?

अधिकारी : लागते, आतली कडीही तिनं उघडते. तशी कुलपं बाजारात मिळतात.

ताई : निवासवाले म्हणाले, एक तर कडी, नाही तर काही नाही.

शेठ : मी जातो. ताई, दाराशी उभी राहा. ढकलायचं नाही.

(शेठ आत जातो. कडी लागल्याचा आवाज. दारामागून नळ सुरू होतो.)

शेठ : सात एके सात! सात दुणे चौदा!

ताई : सोपा घ्यायचास ना, दोनाचा!

शेठ : दोनाचा लवकर संपतो! तोंड धुवायचंय! सात त्रिक एकवीस! सात चोक अठ्ठावीस!

ताई : बाई, तुम्हाला हसू येत असेल.

अधिकारी : नाही हो, ताई.

शेठ : सात पंचे पस्तीस! सात सक बेचाळीस!

(पाढा थांबतो. नुसता नळाचा आवाज.)

ताई : शेठ? अरे, शेठ! बाई, थांबला तो. बाजूला व्हा, चावी कुठल्या बाजूनं फिरते?

शेठ : सात साती… ताई, सांगू नकोस!

ताई : नाही. नाही सांगत.

शेठ : सात साती…

अधिकारी : ताई, बसता का जरा?

ताई : नको. लहानपणापासून इथेच अडतो. अभ्यासाला बसला की मी पटकन सांगून मोकळी व्हायचे. पुढचं त्याला कधी आठवावंच लागलं नाही.

शेठ : …एकोणपन्नास! सात आठे छप्पन्न! सात नवे त्रेसष्ट! सात दाहे सत्तर! झालं! नळ बंद केला!

ताई : ऐकलं रे, ऐकलं. शर्ट भिजवला असशील.

शेठ : थोडा. हं, आलो. बाई, लिहिलं का?

अधिकारी : लिहिलं. आतून कडी, बाहेरून चावी, आणि टॉवेलचं कपाट दुसरीकडे. पाढ्यांचंही लिहिलंय. वाचून दाखवू?

शेठ : मास्तरचं स्टूल लिहिलं?

अधिकारी : राहिलं. लिहिते.

ताई : बाई, ते तिसरं पान द्या इकडे.

अधिकारी : दुरुस्ती करायचीय?

ताई : नाही, फाडायचंय. पहिली दोन राहू देत, माझ्या नावानं. आणि त्या कुलपाला काय म्हणतात तेवढं एका चिठ्ठीवर लिहून द्या. परवा रविवार आहे, निवासवाल्यांना दाखवते. सही माझीच लागते ना तिथे? मग बघते कसे नाही म्हणतात.

शेठ : ताई, मी थांबलो तेव्हा चावी तुझ्या हातात होती?

ताई : होती.

शेठ : फिरवली नाहीस?

ताई : नाही फिरवली.

शेठ : म्हणजे आत मी एकटाच होतो.

अधिकारी : हे घेऊ निवेदनात?

शेठ : घ्या. सगळ्यात वर.