फॉगलाइटची कव्हरं

नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढत नाहीस म्हणून बायको तुला बोलते ना? मग आमच्या दादांचं ऐक. दादा म्हणजे माझे वडील.

आमच्याकडे तेव्हा जुनी जीप होती आणि पावसाळ्यात सापुताऱ्याच्या घाटात समोरचं काही दिसायचं नाही. म्हणून दादांनी द्वारका चौकातल्या एका दुकानातून दोन पिवळे फॉगलाइट आणले. रविवारी पंचवटीतल्या घरासमोर आम्ही दोघांनी बंपरला भोकं पाडली, वायर आत ओढली, स्टिअरिंगखाली बटण बसवलं. अंधार पडल्यावर दिवे लावले तर समोरच्या भिंतीवरची पालसुद्धा दिसली. दादा एकदम खूश. त्याच रात्री आईकडून त्यांनी दिव्यांना रेक्झिनची कव्हरंही शिवून घेतली, नाडीवाली.

पुढच्याच आठवड्यात घाटात धुकं लागलं. बॉनेटच्या पुढे सगळं पांढरं. डावं चाक रस्त्यावर आहे की दरीच्या काठावर, काही कळेना. दादांनी ऐटीत बटण दाबलं. काहीच फरक पडला नाही.

"वायर सुटली वाटतं," ते म्हणाले.

"दादा, कव्हरं काढायची राहिली."

त्यांनी जीप तिथेच थांबवली. मी उतरलो, चाचपडत पुढे गेलो आणि नाडी सोडायला लागलो, तर आतून त्यांचा काळजीचा आवाज आला.

"अरे, आत्ता कशाला काढतोस? काचा नव्या आहेत, दव बसेल त्यांच्यावर. धुकं जाऊ दे, मग काढ."