स्वच्छ कंगवा

ताई : थापा मारू नकोस. हा कंगवा बघ.

धाकटी : बघितला. एक केस नाही. आनंद मान की!

ताई : मानला होता. म्हटलं, चला, गळती थांबली एकदाची. मग लक्षात आलं. डोक्याच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?

धाकटी : चहा ठेवू?

ताई : विषय बदलू नकोस.

धाकटी : झाला असेल महिना-दीड महिना. डोकं ठिकाणावर आहे ना माझं? मग झालं तर.

ताई : मागच्या वेळीही हेच म्हणालीस. मग रात्र रात्र जागलीस, आणि शेवटी बसस्टॉपवर अनवाणी सापडलीस. मला ओळखलंसुद्धा नाहीस.

धाकटी : वेणी मात्र जाड होती तेव्हा.

ताई : अगं!

धाकटी : खरंच. वेड लागलं होतं तेव्हा लोक केसांचं कौतुक करायचे. आता शहाणी झालेय, तर अवतार बघवत नाही. परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात एका आजींना नवा चष्मा चढवला. आरसा सोडून माझ्याकडेच बघितलं त्यांनी. म्हणाल्या, 'वा, लख्ख दिसतंय! अगं बाई, भांग केवढा रुंद झालाय तुझा!'

ताई : मग?

धाकटी : हसले. मग आत जाऊन रडले. या गोळ्यांनी क्वचित एखादीलाच होतं म्हणे असं. जन्मात कशात नंबर लागला नाही, नेमका इथे लागला.

ताई : डॉक्टरांना सांगितलंस?

धाकटी : काय सांगू? जीव वाचवलात, आता केसही द्या?

ताई : हो, हेच सांगायचं. गोळी बदलायची की कमी करायची, ते ठरवतील. परस्पर सोडायची नाही.

धाकटी : आधी थोडेच गळायचे गं. तू आईकडे राहायला गेलीस ना, तेव्हा गळणं एकदम वाढलं. उशीवर, फरशीवर, मोरीच्या जाळीत. घाबरले मी. त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

ताई : वाढलं नव्हतं.

धाकटी : म्हणजे?

ताई : पहिल्यापासून तेवढेच गळायचे. तू उठायच्या आत मी रोज गोळा करायचे. तुला दिसले तर गोळ्या सोडशील, म्हणून.

(धाकटी कंगवा हातात घेते.)

धाकटी : रोज?

ताई : रोज. दमले गं मी.

धाकटी : मी पण. उद्या येशील डॉक्टरांकडे?

ताई : येते की.

धाकटी : ते देतील ती गोळी घेईन. पण सकाळी लवकर उठू नकोस.

ताई : का?

धाकटी : माझे केस मी उचलीन.