नागफणीवरचं धोतर

खंडाळ्याच्या स्टेशनावर पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर कुणी अंबाजी आपल्या सरुमावशीला सांगत होता.

"मावशे, परवा नागफणीच्या कड्यावर तळेगावचा एक मास्तर घावला."

"तितं काय करत व्हता?"

"त्येच इचारलं. शेरडू हरवलंय का? न्हाई म्हणला. नवस हाय का? त्योबी न्हाई. म्हणला, निस्ता डोंगर बघाया आलोय."

"निस्ता डोंगर बघाया कोण चढतंय? बायकूसंगं भांडून आला असंल."

"मलाबी त्येच वाटलं. कड्याच्या टोकाला सरकला, तसं मागनं धोतर धरलं. पार खाली आणूस्तवर सोडलं न्हाई."

"लय बरं केलंस."

"म्हणला, मला दरी बघायचीय. म्हणलं, बायकूला घेऊन या, मग बघा."

"आन् आला?"

"आज आला की, बायकूला घेऊन. ती बाई साऱ्या चढाला त्येला बोलत व्हती. टोकाला गेल्यावर मी आपलं पुन्यांदा धोतर धरलं."

"मग?"

"बाई दम खाऊन म्हणली, भाऊ, ह्यांचं धोतर सोडा आता."

"सोडलंस?"

"न्हाई बा. म्हणलं, भांडान अजून मिटल्यालं दिसत न्हाई."