चाळशीबाईंची दाद

नाही, पण मी म्हणते, वाचली का? 'वाह' म्हणालात, टाळ्यांचे हात टाकलेत, वर गुलाबाचं फूल ठेवलंत, सगळं केलंत... पण वाचली का? अहो, कविता टाकणाऱ्याचा अंगठा अजून फोनवरून उठला नाही तोवर खाली 'अप्रतिम!' हजर! चोवीस ओळींची कविता! एवढ्या वेळात माझा चष्म्याचा स्क्रूसुद्धा पिळून होत नाही, आणि यांची कविता वाचून, समजून, काळजाला भिडूनसुद्धा झाली!

तुम्हाला सांगते, मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना एकच विचारायचं, खालची ओळ वाचता येते का? आणि लोक काय करतात ठाऊक आहे? अंदाजे ठोकतात! बाजूचा वाचत असताना ऐकून ठेवतात आणि आपला नंबर आला की घडाघडा म्हणून मोकळे. मी तक्ता बदलते मग. मग बसतात डोळे बारीक करून. त्यामुळे मला लगेच कळतं हो, कोण वाचतंय आणि कोण नुसतंच तोंड हलवतंय. त्या कवितांच्या ग्रुपवर तर सगळेच तोंड हलवणारे!

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुमचा काय संबंध त्या ग्रुपशी? माझा काही नाही. संबंध आमच्या ह्यांचा. आमचे हे विम्याच्या कंपनीत आहेत. लोक दावे पाठवतात, हे ते नाकारतात. 'कागदपत्रं अपुरी. पुरावा पुरेसा नाही. सबब नामंजूर.' दिवसभर तेच. आणि घरी आले की बूट काढायच्या आधी कवी होतात. बरं, व्हा! मी कधी नाही म्हटलं? दारू नाही, पत्ते नाहीत, कविता तर कविता. पण त्या ग्रुपचा एक नियम आहे... तिथले जे मुख्य आहेत ना, दातांचे डॉक्टर, त्यांनी केलेला. आपली एक कविता टाकायची तर आधी दुसऱ्यांच्या तीन कवितांना दाद द्यायची. तीन द्या, एक टाका! नाही दिलीत तर कुणी हाकलत नाही तुम्हाला, फक्त तुमच्या कवितेकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून मग हा दाद वाटपाचा कार्यक्रम. डॉक्टर स्वतः तर पेशंटच्या तोंडात कापूस कोंबतात आणि तो आ करून बसलेला असताना इकडे 'हळवी रचना' लिहून टाकतात! एका बाईंचा कुत्रा गेला. फार जीव होता हो त्यांचा त्याच्यावर. त्यांनी कविता केली. तर खाली पहिलीच प्रतिक्रिया, 'वा, मजा आली, अजून येऊ द्या!' अजून काय येऊ द्या? अजून किती कुत्री मारायची तिनं? अरे, वाचली का?

आणि आमच्या ह्यांचा ताठा असा की, 'मी? मी दाद वाटत फिरू? दातवाल्याच्या ट ला ट जोडण्याला?' नका फिरू! पण मग ह्यांच्या कवितेखाली चिटपाखरू फिरकेना. मग काय, फोन समोर उताणा ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचं. तो वाजला की झडप. वीजबिलाचा मेसेज! परत उताणा. आणि राग कुणावर? भाजीवर! 'मीठ कमी आहे.' मीठ टाकलं. 'आता जास्त झालं.' अहो, मीठ तेवढंच आहे, दाद कमी आहे! पण बोलायची सोय आहे का? दोन घास खाऊन उठायचे. ताट तसंच. मला बघवेना हो. कितीही झालं तरी आपला माणूस. भरल्या ताटावरून उठतो म्हणजे काय!

म्हणून मी काय केलं... लेक हॉस्टेलवर गेली तेव्हा तिचा तडा गेलेला फोन घरी पडला होता. त्यात नवं सिम घातलं, तो चालू केला आणि शिरले ग्रुपात. नाव विचारलं. अनामिका लिहिणार होते, तर तिथे आधीच चार अनामिका! मग समोर दुकानाचा खोका होता, त्यावर लिहिलं होतं 'चाळशी'. टाकलं, चाळशी. डॉक्टर म्हणतात कसे, 'वा! किती अर्थगर्भ टोपणनाव!' खोका हो, खोका होता तो!

आणि मी ह्यांची कविता वाचली. खरंच वाचली. तुम्हाला खोटं वाटेल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे हे मला ऐकवायचे, पण एकीकडे कुकरची शिट्टी, एकीकडे हे, कोणाकडे लक्ष देणार? यावेळी नीट बसून वाचली. संध्याकाळवर होती. बरीचशी अशीतशीच, पण मधेच एक माणूस दिवा लावायला उठतो आणि बटणापर्यंत जाऊन तसाच परत अंधारात येऊन बसतो. मला बाई गलबलून आलं. मी लिहिलं, 'तो दिवा न लावता परत फिरतो तिथे मी थांबले. त्याला आपलं घर बघायचं नसावं.' झालं! बाहेरच्या खोलीत टिंग वाजलं, आणि हे ओरडले, 'अगं ए! ऐक ऐक! वाचणारं माणूस भेटलं!'

आणि मग काय झालं सांगू? माझीच दाद मलाच वाचून दाखवली! सावकाश, हातवारे करून, आणि वर, 'तुला कळलं का त्या काय म्हणतात?' मी म्हटलं, 'नाही हो, समजावून सांगा.' समजावली! मी लिहिलेलं मला समजावलं, आणि तेसुद्धा चुकीचं! पण त्या दिवशी हे जेवले पोटभर. भाजी परत मागून घेतली. मीठ तेवढंच होतं.

मग काय, रोजचंच झालं. हे कविता टाकणार, मी न्हाणीघरात नळ सोडून दाद लिहिणार, बाहेर टिंग, 'आली! चाळशीबाईंची आली!' मी तोंड पुसत बाहेर. 'कोण आलं?' आणि ग्रुपात माझा असा बोलबाला झाला म्हणून सांगू... कारण मी सगळ्यांचंच वाचायला लागले ना! सवयच लागली. त्या कुत्र्यावाल्या बाईंना लिहिलं, 'साखळी अजून खुंटीला आहे, तिथे मला रडू आलं.' तर त्यांनी मला निरोप पाठवला, 'ताई, तुम्ही एकट्यांनीच वाचली हो.' डॉक्टर तर हात धुऊन मागे! 'चाळशीताई, कधी आमच्याही अंगणात या!' दातांचे डॉक्टर, यांच्या अंगणात कोण आपण होऊन जातं?

आणि आमच्या ह्यांनी एक दिवस चाळशीबाईंना खासगीत लिहिलं. 'आपल्यासारखं जाणकार माणूस लाभलं हे भाग्य. घरी मात्र सगळा अंधार. आमच्या सौभाग्यवतींना कविता आणि किराण्याची यादी यांत फरक कळत नाही.' मी न्हाणीघरात, हातात तो तडकलेला फोन, नळ वाहतोय... काय करू? लिहिलं, 'अरेरे. पण जेवणखाण होतं ना वेळेवर?' उत्तर आलं, 'ते होतं.' ते होतं म्हणे! मेलं ते आपोआप होतं ना, आकाशातून पडतं!

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, का लपवू? पण त्याहून एक वेडी आशा लागली. मला वाटलं, हा माणूस मला एवढं मानतो, फक्त ती मी आहे हे त्याला ठाऊक नाही. तर कळू दे ना. पण मी कशाला सांगू? त्यांचं त्यांना कळलं पाहिजे. म्हणून मी एक कविता लिहिली.

हसू नका. लिहिली. दुकानात, चष्मे पुसायच्या फडक्यांच्या खोक्यावर, गिऱ्हाईक नसताना. लेकीच्या पाठीवर आम्हाला दुसरं राहिलं होतं. टिकलं नाही. मला घाईघाईनं दवाखान्यात नेलं, आत घेताना नर्स म्हणाली, चपला बाहेर. मी काढल्या. आणि जेव्हा मला बाहेर आणलं ना, तेव्हा हा माणूस, जो स्वतःचा ओला टॉवेल दोरीवर टाकत नाही तो माणूस, माझ्या चपला दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता. शेजारी अख्खं बाकडं रिकामं. बसला नव्हता. चपला खाली ठेवल्या नव्हत्या. शर्टावर चपलांचा चिखल. आम्ही त्यावर कधीच बोललो नाही. पण तुम्हाला सांगते, त्या चपलांवर मी आजवर संसार केलाय. हे ताट टाकून उठले, चपला आठवायच्या. माझ्या माहेरच्यांना बोलले, चपला आठवायच्या. म्हणायचं, जाऊ दे गं, ह्यानं तुझ्या चपला खाली ठेवल्या नव्हत्या.

तेवढंच लिहिलं.

'मी रिकाम्या हातांनी बाहेर आले.
त्याचे हात भरलेले होते,
माझ्या चपलांनी.
त्यानं त्या खाली ठेवल्या नव्हत्या.'

आणखी काही ओळी होत्या, रिकाम्या बाकड्याच्या, छातीशी धरल्याच्या, असू द्यात. रविवारी सकाळी टाकली. हे बाहेरच्या खोलीत, मी ओट्यापाशी. टिंग. 'अरे! चाळशीबाईंनी कविता टाकली!' म्हटलं आता. आता वाचतील. आता उठून आत येतील. गॅस बंद केला मी. हात पुसले. अहो, केससुद्धा नीट केले, आता काय सांगू तुम्हाला! तोवर खाली सुरूच, 'वाह', 'अप्रतिम', गुलाब, गुलाब, 'मजा आली'. ते सोडा, त्यांची कोण वाट बघतंय? ह्यांच्या नावापुढे येत होतं, लिहीत आहेत... लिहीत आहेत... माझ्या छातीत धडधड, लग्नात झाली नव्हती तेवढी. आणि आलं.

'चाळशीबाई, प्रयत्न स्तुत्य. मात्र चपलांची प्रतिमा पटत नाही. बाकडं रिकामं असताना नवरा चपला छातीशी धरून का उभा राहील? वास्तवात असं कुणी करत नाही. अनुभव उसना वाटतो. आपण वाचक म्हणून श्रेष्ठ आहात. तिथेच राहावं, ही नम्र विनंती.'

नामंजूर! पुरावा अपुरा, सबब दावा नामंजूर!

एवढ्या ग्रुपात एकाच माणसानं नीट वाचली हो. शब्द न् शब्द वाचली. आणि तो हा! म्हणजे इतके दिवस मी ऊर बडवत होते, वाचली का, वाचली का... घ्या, वाचली! मी बाहेर गेले. हे फोन बघत मान हलवत होते. 'चांगली वाचक होती बिचारी. लिहायच्या नादी लागली.' मी म्हटलं, 'का, काय झालं?' 'अगं, काहीतरीच. नवरा म्हणे चपला धरून उभा!' मी म्हटलं, 'राहत असेल एखादा.' 'छे! कोण राहतं?' मी म्हटलं, 'तुम्ही काय केलं असतं?' आणि तुम्हाला सांगते, ते वर बघून, अगदी साधेपणानं, खोटं नाही, लबाडी नाही, म्हणाले, 'मी? मी बाकड्याखाली ठेवल्या असत्या.'

सांगितलं असतं तर म्हणाले असते, पुरावा? तो शर्ट तर मीच धुतला होता, घासून घासून. आत गेले, गॅस पेटवला आणि रडले. कांदा चिरायला घेतला होता, तेवढीच सोय.

त्यानंतर चाळशीबाई गप्प. मग पुन्हा तेच, फोन उताणा, ताट अर्धं. 'चाळशीबाई रागावल्या वाटतं. टीका सहन होत नाही लोकांना.' मी म्हटलं, 'हो ना, काय एकेक असतात.' भाजीत मीठ कमी, भाजीत मीठ जास्त. आणि काल ह्यांनी नवी कविता टाकली. विषय काय? स्त्रीचं मन! नाव काय? 'वाचतो मी तुला'! ऐका, ऐका! वाचतो म्हणे! संध्याकाळ झाली तरी खाली एक गुलाब नाही. हे बसलेत आपले त्या फोनसमोर, मान खाली, खांदे पडलेले. पोळी तव्यावर, माझ्या एका हाताला पीठ. आणि मेल्या त्या चपला आठवल्याच! ते विसरले म्हणून मला थोड्याच विसरता येतात? काढला तडकलेला फोन पिठाच्या डब्यामागून. कविता उघडलीसुद्धा नाही. पिठाच्या बोटानं लिहिलं, 'वाह!' वर एक गुलाब ठेवला. झालं, पोळी उलटली.

बाहेर टिंग. मी पुढची पोळी लाटली. मग हाक आली.

'अगं, ऐकतेस का? चाळशीबाईंची आली. पण नुसतं वाह लिहिलंय. गुलाब ठेवलाय. तुला सांगतो... ह्या बाईनं वाचलेली नाही!'

इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हो, पहिल्यांदा ह्या माणसानं माझ्या मनातलं बरोबर ओळखलं. मी म्हटलं, 'या, ताट वाढलंय.'